फोटो खरा, प्रोफाइल खोटी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी सुपरवायझर आहे. एका प्रसिद्ध मॉडेलच्या नावाने टेलिग्रामवर मेसेज आला. ‘प्रायव्हेट चॅनल’साठी ४९९ रुपये भरले. मग ‘व्हेरिफिकेशन डिपॉझिट’ म्हणून १,९९९ मागितले, परत मिळतील म्हणाले, तेही भरले. आता ४,९९९ जीएसटी मागतायत. फोटो तर तिचेच आहेत, मग प्रोफाइल खोटी कशी?

उत्तर: आता एक रुपयाही भरू नका. पहिली रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, कारण ४९९ रुपयांसाठी कोणी पोलिसांत जात नाही. पुढच्या रकमा माणूस मोहापायी भरत नाही, आधीचे अडकलेले पैसे सोडवायला भरतो. जीएसटीच्या पुढचा आकडाही त्यांच्याकडे तयार असतो.

फोटो तिचेच असतील, पण चोरलेले. म्हणून चेहरा जुळवून काही कळत नाही, वाट तपासावी लागते. मॉडेलच्या जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या अकाउंटवर जा आणि तिथल्या बायोतल्या लिंकवरून पैसे घेणाऱ्या पानापर्यंत पोचता येते का ते पाहा. उलट्या वाटेने गेलात तर फसाल. खोट्या पानावर खऱ्या अकाउंटची लिंक कोणीही चिकटवू शकतो, पण खरी मॉडेल आपल्या बायोत खोट्या पानाची लिंक देत नाही.

नाव अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजीतला मोठा आय आणि लहान एल बऱ्याच फोनवर सारखेच दिसतात, ओच्या जागी शून्य बसते, मध्येच एक अंडरस्कोर वाढतो. नाव जसे दिसते तसे स्वतः टाइप करून शोधा. दुसरेच अकाउंट उघडले, तर मेख अक्षरातच आहे. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत ‘या अकाउंटबद्दल’ असा पर्याय असतो, त्यात अकाउंट कोणत्या महिन्यात उघडले ते दिसते. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मॉडेलचे अकाउंट गेल्या महिन्यातले असेल, तर तिथेच थांबा. टेलिग्रामवर नावाशेजारी टिकसारखे इमोजी लावता येते, त्यावर विसंबू नका.

फोटो मोठा करून खालचे कोपरे बघा. बरेच क्रिएटर तिथे आपल्या नावाचा पुसट शिक्का ठेवतात. चोर तो कापतो किंवा त्यावर धुरकट पट्टा ओढतो, आणि कधी कधी एखाद्या अक्षराचा शेंडा तसाच राहतो. त्या अर्धवट अक्षरावरून, किंवा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून, मूळ मालकीण सापडू शकते.

पैशाची वाट तर सर्वांत बोलकी. ओन्लीफॅन्ससारख्या, पैसे घेऊन प्रौढांचा मजकूर दाखवणाऱ्या साइटवर क्रिएटरला ओळखपत्र आणि सेल्फी देऊन पडताळणी करावी लागते. ग्राहक साइटवरच पैसे भरतो आणि साइट त्यातले २० टक्के ठेवून घेते. परक्याच्या यूपीआयवर डिपॉझिट भरायची पद्धत तिथे नाही. पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचे बँकेतले नाव येते. तिथे भलत्याच माणसाचे नाव दिसले, तर ते बहुधा भाड्याने घेतलेले खाते असते.

आता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्यातून खात्यात तासाभरात पुढे सरकतात, जिथे सापडतील तिथेच गोठवता येतात. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी लिहून जवळ ठेवा. चॅट लाजेपोटी पुसू नका, तोच पुरावा आहे. प्रौढ माणसाने प्रौढांचा असा मजकूर खाजगीत पाहणे हा गुन्हा नाही. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणे हा मात्र आयटी कायद्याच्या कलम ६६डी खाली गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. तेव्हा काय घडले ते सरळ सांगा.

प्रश्न: मी जुळे सोलापूरला राहते. गड्ड्याच्या यात्रेत काढलेले माझे फोटो वापरून कोणीतरी प्रोफाइल उघडली आहे आणि खाली ‘रेट’ लिहिले आहेत. एक फोटो तर बनावट, नग्न आहे. घरी अजून सांगितलेले नाही.

उत्तर: ताई, यात तुमची काडीचीही चूक नाही. घरातल्या विश्वासाच्या एका माणसाला सांगा. हे एकटीने निस्तरायचे काम नाही.

आधी पुरावा, मग रिपोर्ट. प्रोफाइल बंद पडली की काहीच हाती राहत नाही. स्क्रीनशॉटमध्ये तारीख दिसू द्या आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवा. नुसते नाव पुरत नाही, ते लोक नाव बदलतात. त्या माणसाला मेसेज करू नका. तुम्ही घाबरलात हे कळले की पैशाची मागणी सुरू होते.

मग अ‍ॅपमध्ये ‘तोतयागिरी, माझे नाव वापरले आहे’ हा पर्याय निवडून तक्रार करा. ‘आवडले नाही’ किंवा ‘स्पॅम’ निवडलेत तर तक्रार भलत्याच रांगेत जाते. शिवाय कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२१ च्या आयटी नियमांनी नग्न आणि बनावट फोटो पीडितेच्या तक्रारीवरून काढायला कंपन्यांना २४ तासांची मुदत घातली. बनावट नग्न फोटोसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवाही वापरा. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त आकडी ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो रोखतात. ती १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, पण आरोपीपर्यंत पोचायचे असेल तर नावानिशी केलेली बरी. तुम्ही शहरात राहता, म्हणून पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे जा. बार्शी, मोहोळ, पंढरपूरकडच्या वाचकांसाठी सोलापूर ग्रामीण पोलीस आहेत.

प्रश्न: अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल आला, तिने कपडे काढले, मी फोन बंद केला. आता ‘सीबीआय अधिकारी’ म्हणून कोणी पैसे मागतोय.

उत्तर: समोर बहुतेक वेळा बाई नसते, आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असतो. त्यांना फक्त तुमचा चेहरा हवा असतो. सीबीआय फोनवर पैसे मागत नाही आणि ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवरूनच अटक, असे काही कायद्यात नाही. पैसे देऊ नका. नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, ब्लॉक करा, फेसबुकची मित्रयादी सगळ्यांपासून लपवा, कारण धमकी त्याच यादीवर चालते. नंतर ‘तुमचा व्हिडिओ यूट्यूबवरून काढून देतो’ म्हणणारा भेटेल. तो त्याच टोळीतला असतो, त्यालाही पैसे देऊ नका.