राहेलबाई

अश्दोद, इस्रायल

लाडक्या राहेल,

काल शाळेच्या फाटकाशी आजीने "राहेलबाई, चला!" अशी हाक मारली आणि तुझ्या मैत्रिणी हसल्या. रात्री तू विचारलंस, "आजी माझ्या नावाला बाई का लावते? आणि राहेल म्हणजे मेंढीच ना?" उत्तर लिहून ठेवतेय. मराठी अडेल तिथे आजी वाचून दाखवेल.

हो, हिब्रूत राहेल म्हणजे मेंढी. पण याएल म्हणजे डोंगरातली रानबकरी, त्सिपोरा म्हणजे पाखरू, दवोरा म्हणजे मधमाशी. मराठीतही मैना, कोकिळा, हरिणी अशी नावं हौसेने ठेवतात. ज्यांचं घरच मेंढरांवर चालायचं, त्यांना लेकीसाठी याहून लाडाचं नाव कुठलं सुचणार?

आपल्या धर्मग्रंथात, तोरात, राहेल पहिल्यांदा दिसते तीच मुळी वडिलांची मेंढरं हाकत येताना. हारानच्या त्या विहिरीवर मोठा धोंडा होता. सगळे मेंढपाळ जमले की मगच तो सरकवायचे. राहेलला पाहून याकोबाने तो एकट्याने लोटला, तिच्या मेंढरांना पाणी पाजलं आणि मोठ्याने रडला. ती त्याच्या मामाची मुलगी. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, त्यामुळे कोकणात ही गोष्ट ऐकताना कुणाला परकी वाटली नसेल. तिच्यासाठी तो ७ वर्षं राबला आणि ती वर्षं त्याला थोड्याशा दिवसांसारखी वाटली. मग मामाने थोरली मुलगी लेआ पुढे करून फसवलं, आणखी ७ वर्षं राबवलं. मला मात्र तो धोंडाच आठवत राहतो.

आता बाई. आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. तिथे पुरुषांच्या नावाला जी आणि बायकांच्या नावाला बाई लावायचे. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली ती सामाजी हसाजी दिवेकरांनी. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आपली जुनी माणसं मशीदच म्हणत.

आजीच्या आजीचं नावही राहेलबाई. पेणच्या घरात तिला नुसतं राहेल म्हणायची कुणाची छाती नव्हती. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून आजी तुला तोच मान देते.

उद्या येताना तिला पेणच्या राहेलबाईंचं विचार. त्यांच्या मलिद्यात, म्हणजे आपल्या गोड पोह्यांच्या प्रसादात, ओलं खोबरं किती असायचं, ते ती अजून ओंजळ करून दाखवते.

तुझी,
आई