वाचकांचे प्रश्न : टोके नसलेला चिमटा

प्रश्न : प्रकाशाचा दाब असतो आणि तो समोरच्या वस्तूला ढकलतो, एवढे मला माहीत आहे. मग लेसरच्या झोताने सूक्ष्म कण पकडून ठेवता येतो, तो ढकलला का जात नाही?

उत्तर : प्रकाश ढकलतो, हे आपले म्हणणे बरोबरच आहे. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्यापासून दूर का वळलेली असते, या कोड्याचा विचार करताना केप्लरने सूर्यकिरणांकडेच बोट दाखवले होते. मात्र ढकलणे हा प्रकाशाच्या बळाचा एक भाग झाला. दुसरा भाग ध्यानात येण्यास 1970 साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर अ‍ॅश्किन पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांवर लेसरचा झोत सोडून त्या पुढे सरकतात का, हे पाहत होते. गोळ्या पुढे सरकल्याच. पण झोताच्या कडेला असलेल्या गोळ्या आधी आत, झोताच्या मध्याकडे, खेचल्या गेल्या. मूळ अपेक्षेत न बसणारी ही गोष्टच पुढे सगळ्या तंत्राचा पाया ठरली.

असे का होते, हे कळण्यासाठी एकच पारदर्शक गोळी डोळ्यांसमोर आणावी. ती पाण्यापेक्षा प्रकाशाला अधिक वाकवते, म्हणून चिमुकल्या भिंगासारखी वागते. झोत मध्यभागी सर्वांत तेजस्वी आहे आणि गोळी मध्यापासून थोडी डावीकडे सरकलेली आहे, असे समजू. तिच्या उजव्या अर्ध्या भागावर जास्त प्रकाश पडतो आणि तो भाग आपल्यातून जाणारे किरण डावीकडे वाकवतो. डाव्या भागातून जाणारे किरण उजवीकडे वाकतात, पण ते फिके असतात. म्हणजे एकंदरीत प्रकाशाला डावीकडचा संवेग, म्हणजे गतीचा जोर, मिळाला. तेवढाच उलट संवेग गोळीला मिळणे भाग आहे, आणि ती उजवीकडे, उजळ मध्याकडे, सरकते. हेच झोताच्या लांबीच्या दिशेनेही साधायचे, तर प्रकाश अतिशय तीव्र कोनात एकाच बिंदूवर एकवटावा लागतो. गोळी त्या बिंदूच्या पुढे गेली, की ती पसरत्या किरणांना सरळ करते, प्रकाशाचा पुढच्या दिशेचा संवेग वाढतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने गोळी मागे येते. ढकलणारे बळ आणि हे मागे ओढणारे बळ जिथे एकमेकांना तोलतात, तिथे, बिंदूच्या किंचित पुढे, ती स्थिरावते. एकाच झोताने असा कण धरून ठेवण्याचा प्रयोग अ‍ॅश्किन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये यशस्वी केला आणि 2018 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी, अ‍ॅश्किन यांना त्यासाठी भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

या तंत्राला प्रकाशाचा ‘चिमटा’ हे नाव रुळले आहे खरे, पण त्याने थोडी दिशाभूल होते. इथे दोन टोकांत वस्तू दाबली जात नाही. वाटीच्या तळाशी गोटी यावी तशी ती येते, आणि पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी तिथेही सतत थरथरत राहते.

प्रश्न : प्रकाशाला ‘आकार देणे’ म्हणजे नेमके काय करणे? आणि त्याचा उपयोग काय?

उत्तर : झोतासमोर कागदातून कापलेली आकृती धरणे, असा याचा अर्थ नाही, तसे केल्यास अडलेला प्रकाश वाया जाईल. त्याऐवजी झोत द्रव स्फटिकांच्या एका पडद्यावर पाडतात. या पडद्यातील लाखो सूक्ष्म चौकटींपैकी प्रत्येक चौकट आपल्यावर पडलेल्या लाटेला ठरवून दिल्याप्रमाणे किंचित उशीर लावते. अशा रीतीने लाटेचा पुढचा पृष्ठभाग मुरडला जातो, आणि भिंगातून गेल्यावर एका तेजस्वी बिंदूऐवजी हवे तिथे हवे तितके बिंदू उमटतात. कोणत्या चौकटीने किती उशीर लावायचा, हे संगणक ठरवतो. आकृती टप्प्याटप्प्याने बदलत नेली, की बिंदूंबरोबर कणही चालू लागतात. मात्र दोन टप्प्यांतील उडी कणाच्या आकाराच्या मानाने लहान हवी, नाहीतर कण मागेच सुटतो. शिवाय बिंदू शंभर केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम शंभरावा भाग प्रकाश येतो, ही काटकसर कोणत्याही संगणकाला चुकवता येत नाही.

मला स्वतःला सर्वांत मोह पडतो तो भोवऱ्यासारख्या झोताचा. यात लाटेचा पृष्ठभाग मळसूत्रासारखा पिळलेला असतो, त्यामुळे मध्यभागी अंधार आणि भोवती प्रकाशाचे कडे दिसते. कड्यावर सापडलेले कण गोल फेऱ्या मारू लागतात, कारण अशा प्रकाशाजवळ कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरवण्याचा जोर, असतो. मधला अंधारही कामाचा आहे : पाण्यातील हवेच्या बुडबुड्यासारखी वस्तू उजेडापासून दूर लोटली जाते, आणि तिला धरायचे तर भोवती उजेडाचे कुंपणच घालावे लागते.

प्रश्न : एवढ्या तीव्र प्रकाशात जिवंत पेशी जळत नाहीत का? आणि मोठी वस्तू अशी उचलता येईल का?

उत्तर : जळू शकतात. अ‍ॅश्किन यांच्या सुरुवातीच्या हिरव्या लेसरने जीवाणू मरत. 1987 मध्ये त्यांनी अवरक्त लेसर वापरला, तेव्हा पकडीत असलेल्या पेशींचे विभाजनही होताना दिसले. आज 1064 नॅनोमीटर तरंगलांबी बरीच वापरली जाते, कारण पेशी आणि पाणी ती फारशी शोषत नाहीत.

मोठ्या वस्तूंचे मात्र जमणार नाही. 1 वॉट प्रकाश पूर्णपणे परावर्तित झाला, तरी बळ सुमारे 6.7 नॅनोन्यूटन, 1 मिलिमीटर व्यासाच्या पाण्याच्या थेंबाचे वजन याच्या सातशे-आठशे पट भरते. व्यास हजारपट कमी केला, की वजन शंभर कोटी पटींनी घटते, म्हणून मायक्रोमीटरच्या जगात काही पिकोन्यूटनांचे (1 पिकोन्यूटन म्हणजे नॅनोन्यूटनचा हजारावा भाग) बळही भरपूर होते. पेशीतील ओझी वाहणारे कायनेसिन हे प्रथिन याच मापाचे बळ लावते. त्याला बांधलेली गोळी अशा पकडीत ठेवून 1993 मध्ये संशोधकांनी त्याचे एकेक पाऊल मोजले. ते 8 नॅनोमीटरचे निघाले.