आईचे नैराश्य लेकीकडेच जाते का?

प्रश्न: माझ्या आईला चाळिशीत नैराश्याचा आजार झाला होता. इंदुरातच उपचार होऊन ती बरी झाली. पुढे मावशीलाही तोच त्रास झाला. सासूबाई म्हणतात, हे बायकांकडून बायकांकडेच येते, तेव्हा नातीला जपा. मला एक मुलगी आणि एक मुलगा आहे. यात तथ्य किती?
– एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, सासूबाईंची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. आपली जनुके मुलाला आणि मुलीला जवळजवळ सारखीच मिळतात. आजीचा वारसा नातवाला चुकवून जात नाही. फरक पडतो तो त्या वारशाचा परिणाम किती होतो, यात. मनोविकार संशोधक केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधील जुळ्या भावंडांचा जो मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात नैराश्याची आनुवंशिकता स्त्रियांमध्ये 42 टक्के आणि पुरुषांमध्ये 29 टक्के आढळली. हा आकडा वाचून घाबरू नका. आपल्या मुलीला आजार होण्याची शक्यता 42 टक्के आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. समाजात कुणाला आजार होतो आणि कुणाला होत नाही, या तफावतीत जनुकांचा वाटा किती, एवढेच तो सांगतो. उरलेला मोठा वाटा आयुष्यातल्या अनुभवांचा असतो.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्याशी निगडित सुमारे 7,000 जनुकीय बदल स्त्री-पुरुषांत समान, तर आणखी सुमारे 6,000 केवळ स्त्रियांत दिसले. शिवाय वजन व चयापचय यांच्याशी असलेला जनुकीय संबंधही स्त्रियांत अधिक ठळक होता. लहानपणी मुलामुलींत या आजाराचे प्रमाण फारसे वेगळे नसते, तफावत वाढते ती वयात आल्यावर, हेही ध्यानात ठेवावे.

मला खरी चिंता वाटते ती आपल्या मुलाची, कारण त्याच्याकडे कुणी पाहणारच नाही. मुलगे रडत नाहीत; ते चिडतात, तुटक वागतात, पुढे व्यसनाकडे वळतात, आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. भारतात आत्महत्या करणाऱ्या दर 10 जणांत सुमारे 7 पुरुष असतात. दोघांपैकी कुणाचीही झोप, भूक किंवा आवड दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेली दिसली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे आणि आजीच्या व मावशीच्या आजाराची माहिती न लपवता सांगावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तो रात्रीही चालू असतो.