सकाळी चालतात, दुपारी उठवत नाही

प्रश्न : ह्यांचं वय 68. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठला, जेवण झालं की लगेच घेतात. सकाळी दहाला घरभर फिरतात, दाढीही स्वतः करतात. एकच्या सुमारास मात्र खुर्चीतून उठवत नाही. दारात तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मुलगा म्हणतो, ‘बाबांना जमतं, पण करायचं नसतं.’ कधी कधी मलाही तसंच वाटतं, आणि मग माझंच मला वाईट वाटतं. दुखणं वाढलं का?

उत्तर : ताई, हे उत्तर मुलालाही वाचायला द्या. त्याचे बाबा टाळाटाळ करत नाहीत. दहाला चालणाऱ्या माणसाला एकला उठता न येणं या आजारात खरोखर घडतं, आणि त्याचं कारण तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांच्या वेळांमध्येच दिसतंय.

मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपली हालचाल सहज सुरू होते, सहज चालू राहते. कंपवातात, म्हणजेच पार्किन्सनमध्ये, या पेशी हळूहळू मरत जातात. डोपामिन बाहेरून दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. ते वाटेतच खर्च होऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपा असतं. 1960च्या दशकापासून लेव्होडोपा वापरात आहे आणि हालचालींसाठी याच्याइतकं गुणकारी दुसरं औषध आजही नाही.

अडचण अशी, की लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी थोडा साठा धरून ठेवतात, त्यामुळे दिवस सरळ जातो. पुढे पेशी आणखी कमी झाल्या की साठा राहत नाही आणि गोळीचा अंमल तीन-चार तासांत उतरू लागतो. आठची गोळी बाराच्या पुढे पुरत नाही आणि पुढची दोनला आहे. तुमचे यजमान अडकतात ते नेमके या मधल्या वेळात. आजार पुढे सरकला आहे हे खरं, पण उपाय संपलेले नाहीत.

पहिली गोष्ट, गोळी जेवणानंतर लगेच नको. जेवणातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढे मेंदूत एकाच वाटेने जातात. वाटेत गर्दी झाली की औषध मागे पडतं. डॉक्टरांना विचारून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने द्या. प्रथिनं बंद मात्र करू नका, वजन उतरेल.

दुसरी, चार दिवस एक वही ठेवा. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, कधी मोकळे चालले, कधी अडकले, अंग आपोआप वळवळलं का ते लिहा. ती वही पाहून डॉक्टर दोन गोळ्यांमधलं अंतर कमी करतील किंवा जोडीला दुसरं औषध देतील. मला स्वतःला अशी वही तपासणीइतकीच मोलाची वाटते. औषधांनी चढउतार आवरतच नाहीत, पण लेव्होडोपाचा गुण मात्र येतो, अशा काही रुग्णांसाठी मेंदूत बारीक तारा बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. तिने आजार बरा होत नाही, दिवस मात्र बराच सुधारतो.

गोळी अचानक कधीही बंद करू नका. ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ होऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या कारणाने रुग्णालयात ठेवायची वेळ आली, तर तिथेही गोळीची वेळ चुकू देऊ नका. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देत असतील तर आजाराचं नाव सांगून थांबवा, त्याने लक्षणं बळावतात.

दारात पाय अडकले की हात धरून ओढू नका, तोल जातो. थांबू द्या, ताठ उभं राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या, मग ‘एक, दोन’ म्हणत पाऊल टाकू द्या. माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. त्यांच्या खोलीच्या दारात मी जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली होती. नुसत्या जमिनीवर न उचलणारा त्यांचा पाय ती पट्टी ओलांडायला उचलायचा.

या आजारात चेहराही निर्विकार होतो, तसा त्यांचाही झाला होता. आतून हसत असले तरी ओठ हलत नसत, म्हणून पाहणाऱ्याला ते रुसलेले वाटत. तुमच्या मुलाचा गैरसमज कदाचित इथूनच झाला असेल. शर्टाच्या वरच्या बटणाला त्यांना चार-चार मिनिटं लागत आणि मी डॉक्टर असूनही माझा हात पुढे जायचा. एकदा त्यांनी तो हळूच बाजूला केला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, ‘थांब, होतंय.’ आणि झालं. तेव्हापासून आम्ही सकाळी अर्धा तास आधी उठू लागलो.

प्रश्न : वय 54. पेला उचलताना दोन्ही हात थरथरतात. वडिलांचेही थरथरायचे. मला कंपवात झाला असेल का?

उत्तर : कंपवातातली थरथर बहुधा एका बाजूने सुरू होते आणि हात मांडीवर निवांत असताना जास्त दिसते. सोबत हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. काम करताना दोन्ही हात थरथरणं आणि घरात आणखी कुणाला तसंच असणं हे बहुतेकदा वेगळ्या, अनुवंशिक थरथरीचं लक्षण असतं. तिची औषधं निराळी आहेत. थायरॉईड आणि चालू असलेली औषधं तपासावी लागतील, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा हात दाखवा. जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या, अक्षर बारीक होतंय का ते त्यांना दिसेल.