गोधडीला ऊन तिरकं हवं

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले गोधड्यांचे फोटो काल निवांत पाहिले. महेश्वरच्या फोटोत माझी नजर आधी किल्ल्याच्या तटावर गेली, मग नर्मदेवर, आणि गोधडीवर सगळ्यात शेवटी. देखाव्याला असं वरचढ होऊ देऊ नकोस. घाटावरच काढायचा असेल तर किल्ला चौकटीबाहेर ठेव आणि मागे नुसता पायऱ्यांचा दगड येऊ दे.

मला विचारशील तर इंदूरबाहेरची शेतं त्याहून चांगली. सोयाबीन निघालेलं असतं, गहू अजून पेरायचा असतो, तेव्हा माळव्याची काळी माती उघडी असते. तिच्यावर जुन्या लुगड्याचा उडालेला अंजिरी रंगसुद्धा खुलतो. हिरवळीवर मात्र पांढरं कापड हिरवट दिसतं, कारण गवतावरून परतलेला उजेड त्यावर पडतो. खाली जुनी चादर घाल, तिच्या कडा आत दुमड. आणि शेतमालकाला आधी विचार.

आता उन्हाचं. गोधडीचा जीव धावदोऱ्यात. टाक्यापाशी कापड दबतं, दोन ओळींच्या मध्ये फुगतं. ऊन समोरून आलं की हा उंचसखलपणा पुसला जातो आणि हाताने शिवलेली गोधडी छापील चादरीसारखी दिसते. अंथरलेली असेल तर सूर्य उगवल्यावर तासाभरात काढ. टांगलेली असेल तर ऊन कापडाला घासून जायला हवं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला, म्हणून जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. अंथरलेल्या गोधडीला ती वेळ वाईट, पण टांगलेलीवर तेच ऊन वरून खाली उतरतं आणि टाका न् टाका मोजता येतो. फोटो झाला की लगेच सावलीत घे, जुने रंग उन्हाने विटतात.

कोपऱ्यांना चिमटे लावून टांगू नकोस. गोधडी जड असते, जीर्ण कापड तिथेच फाटतं. वरच्या कडेला मागून कापडाची नळी टाच आणि तिच्यात बांबू घाल. वारा असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेव. मोबाईलची वाईड लेन्स नको, कडा वाकड्या येतात. मागे सर आणि दुप्पट झूम घे.

पुढच्या वेळी उलटी बाजूही पाठव. शिवणाऱ्या आजींजवळ बसून कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा ते विचार, लिहून घे, आणि तो कागद फोटोंबरोबरच ठेव.

तुझी,
काकू