देवाचं एवढं करते, तरी मन शांत का नाही?

‘मॅडम, देवाचं एवढं करते मी, तरी मन शांत का नाही? माझं नेमकं कुठे चुकतंय?’

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात. मुलं मार्गाला लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, हाताशी वेळ आहे. आता खरं सुख शोधायचं म्हणून जप, पारायण, शिबिरं, सत्संग हे सगळं मनापासून सुरू होतं. काही वर्षं बरं वाटतं. मग कधीतरी आतून कोरडं वाटायला लागतं, आणि त्या कोरडेपणापेक्षाही ‘आपली श्रद्धाच कमी पडतेय’ ही भीती जास्त छळते. अशाच एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

ताई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. राहायला पुण्यात, माहेर सातारा जिल्ह्यातल्या एका गावी. मुलगी परदेशात, यजमानांची तब्येत ठणठणीत. पहाटे साडेतीनला उठणं, चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, दुपारी ज्ञानेश्वरीचं वाचन, संध्याकाळी सत्संग. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिरही करून आलेल्या. सोमवार, गुरुवार आणि दोन्ही एकादश्या उपास.

पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. लिखित नामजपाची, चौकटी छापलेली वही. प्रत्येक चौकटीत लाल शाईने, एकसारख्या ठसठशीत अक्षरात रामनाम. एकाही पानावर खाडाखोड नाही. पण पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलीने बारीक आकडे होते: 4, 5, 3, 3, 4. हे काय, म्हणून विचारलं.

‘त्या दिवशी समाधान किती वाटलं ते. दहापैकी.’

काही ठिकाणी 2 होता आणि त्याखाली रेघ ओढलेली होती. ‘या दिवशी काय झालं होतं?’ या प्रश्नावर ताई म्हणाल्या, ‘काही नाही. तेच तर. काहीच कारण नव्हतं.’

मी आधी झोपेबद्दल विचारलं. रात्री अकराला पाठ टेकायची आणि साडेतीनला उठायचं. जेवणाबद्दल विचारलं, तर आठवड्यातले दोन-तीन दिवस साबुदाणा, शेंगदाणे आणि चहा यांवर जाणारे. ताई थोड्या नाराज झाल्या. ‘मी तुमच्याकडे आत्मिक प्रश्न घेऊन आलेय मॅडम, आणि तुम्ही खाण्यापिण्याचं काय विचारताय?’

त्यांचं वाचन दांडगं होतं, म्हणून मी त्यांना तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगूची आठवण करून दिली. वरुणाचा हा मुलगा बापाकडे ब्रह्म काय ते विचारायला जातो. वरुण त्याला तप कर म्हणून परत पाठवतो. तप करून भृगूला पहिल्यांदा जे उमगतं ते असं, की अन्न हेच ब्रह्म. मग प्राण, मग मन, मग विज्ञान म्हणजे बुद्धी, आणि सगळ्यात शेवटी आनंद. ज्या ग्रंथात आनंदाची एवढी खोल मीमांसा आहे, तो सुरुवात अन्नापासून करतो. मधली पायरी त्याने कुणालाही गाळू दिलेली नाही. ताई हे ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, ‘हे मी शंभरदा वाचलंय. माझ्यासाठी म्हणून कधी वाचलं नव्हतं.’

त्यांना मी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड ठीक निघालं, बी-12 कमी होतं, त्यावर डॉक्टरांनी औषध सुरू केलं. नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली, त्यात आजार म्हणावा असं काही आढळलं नाही. हे मी प्रत्येकाच्या बाबतीत करते आणि त्यात तडजोड करत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर जप वाढवणं हा इलाज नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतात. आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबायचं कारणच नाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलते. देवावर श्रद्धा असणाऱ्या माणसाने गोळी घेतली म्हणून श्रद्धा उणावत नाही. हे मला अनेक घरांत अगदी कळवळून सांगावं लागतं.

मग वहीकडे वळलो. मी त्यांना एकच विनंती केली: जप हवा तेवढा लिहा, कडेचे आकडे बंद करा. त्या बँकेतल्या माणूस, त्यांना कारण हवं होतं. म्हणून मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. काही स्त्रियांना आधी सुखाचं महत्त्व ठसवणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो मजकूर न वाचलेल्या स्त्रियांपेक्षा या स्त्रियांना चित्रफीत पाहताना कमी आनंद झाला. सुखी व्हायलाच हवं असं मनाने घेतलं की समोरचा साधा आनंदही अपेक्षेपेक्षा कमीच वाटतो. ताईंचा जप चालायचा तेव्हा मनाचा एक कोपरा नामात नसायचाच. तो संध्याकाळच्या आकड्याचा हिशोब करत असायचा.

आकडे थांबले. पण आधीच्या वर्षभराच्या पानांवरचे आकडे होतेच, आणि ते आम्ही दोघींनी कॅलेंडर समोर ठेवून पाहिले. रेघ ओढलेले 2 कुठे कुठे होते? भाऊबीज. राखीपौर्णिमा. आईचं श्राद्ध. गावच्या यात्रेचा दिवस. ताई कॅलेंडरवर बोट ठेवून कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि ताई अशी वारसांची नावं लागली होती. पुढे भावाने हक्कसोडपत्र करून मागितलं. ‘बँकेचं काम आहे, नुसती सही हवी’ म्हणाला. दुय्यम निबंधक कार्यालयात ताईंनी सही केली, अंगठा दिला, फोटो काढून घेतला. बाहेर आल्यावर भावजयीने साडी दिली, ओटी भरली. जन्मभर दुसऱ्यांची कर्जाची कागदपत्रं ओळ न् ओळ तपासलेल्या बाईने स्वतःचा कागद वाचला नव्हता. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. दोन वर्षांनी जमिनीचा मोठा तुकडा विकला गेला आणि ते त्यांना गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आई तेव्हा हयात होती. तीही काही बोलली नाही.

‘पण मी माफ केलंय त्याला,’ ताई म्हणाल्या.

‘कधी?’

‘लगेच.’

‘आणि राग कधी आला होता?’

उत्तर यायला बराच वेळ लागला. ‘राग आलाच नाही. येऊ दिला नाही. सत्संगात सांगितलं होतं, राग हा अहंकार. जमीन काय, बरोबर न्यायचीय का? मी त्या दिवसापासून दोन माळा वाढवल्या.’

या वाक्यापाशी त्यांच्या अशांतीचं मूळ होतं. जॉन वेलवूड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः बौद्ध साधक होते. 1980 च्या दशकात त्यांनी आपल्या साधक मित्रांमध्ये ही गोष्ट पाहिली आणि तिच्यावर लिहिलं: मनातल्या दुखऱ्या जागेकडे बघायचं टाळण्यासाठी माणूस साधनेचाच आडोसा घेतो. साधना खोटी नसते, श्रद्धाही खोटी नसते. पण तिच्या खाली एक न भरलेली जखम झाकलेली असते, आणि झाकण पक्कं राहावं म्हणून साधना वाढवत न्यावी लागते. ताईंची क्षमा अशीच होती. जे मनात आलंच नाही म्हणायचं, ते माफ तरी काय करणार?

मी गुरू नाही, आणि कुणाच्या उपासनेत ढवळाढवळ करणं माझं काम नाही. म्हणून उत्तर त्यांच्याच परंपरेत शोधायचं ठरवलं. ताईंच्या तोंडी सारखा एक अभंग असायचा: ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’. भावाचा विषय मनात आला की त्या हाच म्हणायच्या आणि मनाला गप्प करायच्या. मी म्हटलं, ‘हा अभंग लिहिणाऱ्या तुकोबांनी स्वतःचं दुःख कुठे मांडलंय तेही गाथेतून काढून आणा.’

पुढच्या वेळी त्या दुसरी वही घेऊन आल्या. आत्मकथनाच्या अभंगातल्या ओळी उतरवल्या होत्या: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आणि लगेच पुढची, ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. हे वाचताना ताईंचा आवाज फुटला. ‘बायको भुकेने मेली हे ते सगळ्यांसमोर सांगतात. मला लाज वाटते, मी त्रासलो, असं सरळ म्हणतात. आणि मी नवऱ्यालाही बोलले नाही हो, की मला फसवलं.’

त्या दिवशी त्या खूप रडल्या. मी त्यांना थांबवलं नाही. जाताना त्यांनी विचारलं, ‘म्हणजे एवढ्या वर्षांची साधना वाया गेली का?’

नाही, मुळीच नाही. उलट, मला तर वाटतं की आता साधनेचा खरा कस लागणार होता. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या सात्त्विक सुखाचं लक्षण आहे ‘यत्तदग्रे विषमिव परिणामेऽमृतोपमम्’. सुरुवातीला विषासारखं, परिणामी अमृतासारखं. ताईंना हा श्लोक पाठ होता. पण ते विष म्हणजे पहाटेची थंडी, उपास, बसून बसून दुखणारे गुडघे, एवढंच त्यांनी धरलं होतं. स्वतःच्या मनात साचलेलं कडू बघणं, तेही न पळता, हे त्यात येतं असं त्यांना वाटलं नव्हतं. इथे मला एक सांगायलाच हवं. या श्लोकाचा आधार घेऊन कुणी कुणाला ‘सोस, पुढे अमृत आहे’ असं सांगू नये. अन्याय सोसणं आणि स्वतःच्या दुःखाकडे डोळे उघडून बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार सोसत बसणं तर त्यात अजिबात बसत नाही.

पुढचे काही महिने आम्ही रागाबरोबर काम केलं. ताईंनी भावाला पत्रं लिहिली, न पाठवण्यासाठी. पहिल्या पत्रात ‘तू सुखी राहा’ एवढंच होतं. तिसऱ्या-चौथ्यापासून खरं उतरायला लागलं. त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मला अंदाज होता, पण तू बोलत नव्हतीस.’ ताईंनी वकिलांचा सल्लाही घेतला. काय करता येईल, त्याला किती वर्षं लागतील, हे समजून घेतलं आणि कोर्टात न जाण्याचं ठरवलं. हा त्यांचा निर्णय. दुसऱ्या कुणी दावा लावला असता, तर मी त्यालाही चूक म्हटलं नसतं. सगळे पर्याय समोर ठेवून एखादी गोष्ट सोडणं आणि बोलायची हिंमत नाही म्हणून सोडणं, या दोन्हींत माणूस आतून फार वेगळा असतो.

भावाशी बोलणं झालं, ते फोनवर. ‘तू स्वतः सही केली होतीस ना?’ हे त्याचं पहिलं वाक्य. माफी वगैरे त्याने मागितली नाही. ताई म्हणाल्या, ‘केली होती. वाचायला न देता घेतलीस, हे मला आज तुला सांगायचं होतं.’ आणि फोन ठेवला. त्या वर्षी त्या भाऊबिजेला गावी गेल्या नाहीत. दिवसभर वाईट वाटलं, आणि त्यांनी ते वाटू दिलं.

मन शांत झालं का? पूर्वी त्यांना हवी होती तशी, कायमची शांती आली नाही, आणि आता त्या तिची वाट बघत नाहीत. काकडा त्यांनी साडेपाचला आणला आहे, झोप सात तास होते. सोमवारचा उपास सोडला, एकादश्या चालू आहेत. माळा कमी झाल्या. पण आता नाम घेताना मन पूर्वीसारखं पळत नाही, असं त्या सांगतात. एकदा सांगत होत्या, ‘परवा हरिपाठ म्हणताना मध्येच लक्षात आलं, मला छान वाटतंय. किती वेळापासून वाटतंय तेच कळलं नाही.’

मध्यंतरी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली. भावाने स्वतः आणून दिली, आत आला, चहा घेतला, जमिनीचा विषय कुणी काढला नाही. ताईंनी मला फोन करून विचारलं, ‘जाऊ का?’ मी विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्यांचा विचार आधीच झाला होता. पुतण्या लाडका आहे, त्यामुळे हळदीला आणि लग्नाला जायचं. मुक्काम मात्र भावाच्या घरी नाही, साताऱ्यात लॉजवर करायचा. सत्संगातल्या मैत्रिणी विचारतील, मग काय सांगायचं, एवढा एकच प्रश्न उरला होता. त्याचंही उत्तर त्यांनीच दिलं: ‘खरं तेच सांगीन.’