चहा-खारीवर रात्र भागवताय?

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांची, कोथरूडला एकटीच राहते. एकटीसाठी काय रांधायचं म्हणून रात्री चहा-खारी. आता बीपी वाढलंय. सोसायटीत आहारावर लेक्चर ठेवलेलं, पहिल्यांदा गर्दी, दुसऱ्यांदा चारच डोकी. असल्या गोष्टींचा खरंच उपयोग होतो का हो?

उत्तर : अहो काकू, नुसत्या लेक्चरनं कुणाचं पोट भरलंय! पण ती चार डोकी सोडू नका, तीच कामाची. आठवड्यातून दोनदा एकीच्या किचनमध्ये जमा, मंडईतून एकत्र भाजी आणा, कारण मेथीची अख्खी जुडी एकटीला संपत नाही, फ्रिजमध्ये पिवळी पडते, चौघीत मात्र निवडता निवडता गप्पाही होतात आणि जुडीही संपते. मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, तुमची ती खारीसुद्धा आली बरं का! फळं-भाज्या रोज किमान ४०० ग्रॅम, बटाटा धरायचा नाही.

उपयोग होतो का विचारलंत ना, मग अंगणवाडी बघा, १९७५ पासून चाललीय. सेविका वस्तीतलीच असते, म्हणून आया तिचं ऐकतात. सप्टेंबरात सरकारचा पोषण माह, म्हणजे पोषणाचा महिना असतो, तेव्हा जवळच्या अंगणवाडीत चक्कर मारा, पाककृती मांडलेल्या असतात, तुमची ज्वारीची उकडपेंडी न्या की. आणि कुणी दोनदा आली नाही तर फोन करा, रागवायला नाही, सहजच.